पद्मिनी घ्यावी की अँबॅसेडर? पार्ट कुठून येतात आणि गंज कुठे लपतो

बडोद्यात जुनी गाडी घेऊन ती नीट उभी करायची म्हटलं की बहुतेकांचं घोडं दोनच नावांवर येऊन अडतं, पद्मिनी म्हणजे आपली फियाट आणि दुसरी अँबॅसेडर. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा मोठा शो झाला, तिथे राजेरजवाड्यांच्या गाड्या बघून अनेकांची हौस जागी झाली, पण नोकरदार माणसाच्या आवाक्यात येतात त्या या दोनच. आणि जो तो आधी विचारतो, पार्ट मिळतात का? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. आधी पत्रा बघायचा. इंजिनचा पार्ट आज नाही मिळाला तर दोन महिन्यांनी कुठूनतरी येतो, नाहीतर मकरपुरा जीआयडीसीत कोणीतरी लेथवाला बनवून देतो, पण बॉडी आतून सडली तर नवी कुठल्याही दुकानात मिळत नाही, गाडी डेंटरकडे महिनोन्महिने पडून राहते आणि पैसा तिथेच मुरतो.

तरी पार्टपासूनच सुरू करतो कारण तुम्हाला तेच ऐकायचंय.

फियाट ११०० डिलाइट, मग १९७३ ला प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी, गाडी मुळात तीच, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची, १०८९ सीसीचं इंजिन. २००० च्या आसपास बनणं बंद झालं. पण मुंबईची काळी-पिवळी हीच होती, शेवटची पद्मिनी टॅक्सी तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे इतकी वर्षं टॅक्सीवाल्यांसाठी पिस्टन-रिंग, क्लचप्लेट, किंगपिन, वॉटरपंप, ब्रेकचं सामान बनत राहिलं आणि त्याचा जुना स्टॉक अजून फिरतोय. मुंबई आपल्याला रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परत येण्याइतकी जवळ. कुर्ला, चोर बाजार, ऑपेरा हाउसच्या बाजूची स्पेअरपार्टची दुकानं, इथे जुना पार्ट हातात धरून फिरलं की काम होतं, फोनवर नुसतं वर्णन करून होत नाही. एक धोका मात्र आहे, टॅक्सीसाठी बनलेला बराच माल लोकल, डुप्लिकेट, कसातरी चालवायला बनवलेला. ब्रेकचे सिलिंडर-वॉशर आणि स्टिअरिंगचे सांधे याबाबतीत स्वस्त माल मी कुणालाच घेऊ देणार नाही.

अँबॅसेडरचं उलट. मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनवली. आणि गंमत बघा, ही कंपनी १९४२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं जोडणीचं काम आपल्या गुजरातच्या ओखा बंदरावर चालायचं, उत्तरपाड्याला ती नंतर गेली. अँबॅसेडर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत होती म्हणजे पद्मिनीपेक्षा जवळजवळ चौदा वर्षं जास्त, आणि सरकारी खाती, टुरिस्ट टॅक्सी, कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सी यांच्यामुळे माल भरपूर. कलकत्त्याचा मल्लिक बाजार आणि दिल्लीचं काश्मिरी गेट ही तिची माहेरघरं. बडोद्याहून लांब पडतं, पण ट्रान्सपोर्टने सामान येतं. जुन्या पेट्रोल मॉडेलचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, त्याच कुळातली इंजिनं एमजीए-एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांत होती, आणि एमजीचे शौकीन जगभर असल्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांचे बरेच आतले पार्ट अजून नवे बनतात. मागवण्याआधी आपला जुना पार्ट काढून व्हर्निअरने माप घ्या, नुसत्या नावावर जाऊ नका.

आता मेकॅनिकलमध्ये दोघी जवळपास सारख्याच म्हणायच्या, खरा फरक पडतो दिसणाऱ्या सामानात. जाळी, बंपर, दाराच्या पट्ट्या, हॉर्नची रिंग, मीटर, दिव्याच्या काचा. इथे "अँबॅसेडरचे पार्ट कुठेही मिळतात" हे वाक्य अर्धंच खरं आहे. मिळतात ते मार्क फोर आणि नोव्हा या नंतरच्या मॉडेलांचे. मार्क वन किंवा १९६२ ते ७५ च्या मार्क टूची ती चौकटी-चौकटीची जाळी शोधायला निघालात तर समजेल, लोकांनी मधल्या काळात गाडी "नवी दिसावी" म्हणून पुढचं तोंडच बदलून टाकलंय, त्यामुळे कागदावर मार्क टू आणि नाक मार्क फोरचं अशा गाड्या सर्रास दिसतात. फियाटमध्येही तेच, आरसीवर १९६८ ची डिलाइट आणि पुढे ऐंशीच्या दशकातली पद्मिनीची जाळी, आतला डॅशबोर्डही नंतरचा. डिलाइटवाल्यांना एक सोय आहे, इटलीत तिच्या मूळ मॉडेलचे, म्हणजे फियाट ११००-डीचे शौकीन अजून आहेत आणि तिथून रबर बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या मागवता येतात, महाग पडतं पण मिळतं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू करायच्या आधी बाहेरचं कायकाय गायब आहे आणि कायकाय दुसऱ्या मॉडेलचं आहे त्याची यादी करा, भाव तिथेच ठरतो.

आता गंज. इथे जरा थांबून सांगतो.

दोन्ही गाड्यांना खाली वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे दाराखालची सिल सडली तर ती शोभेची गोष्ट राहत नाही, गाडीचा कणाच गेला. पद्मिनीचा पत्रा हाताला पातळ लागतो, ती सडते ती पायाखालच्या पत्र्यापासून, मग दोन्ही सिल, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि हेडलाइटच्या मागची वाटी जिथे चाकाने उडवलेला चिखल साचतो, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, आणि मागचे कमानपाटे जिथे बॉडीला धरतात तो भाग. त्यात आपल्या गुजरातेत बऱ्याच फियाटना सीएनजी किट बसलेलं असतं, त्या टाकीच्या ब्रॅकेटसाठी डिकीच्या तळाला भोकं पाडतात, भोकांच्या कडांना रंग नसतो, तिथूनच गंज सुरू होतो आणि वरून टाकीचं वजन. टाकी काढल्याशिवाय ते दिसतच नाही, तेव्हा मालकाला सांगून टाकी काढायला लावा.

अँबॅसेडरचा पत्रा जाड आहे, टिकतो, पण "अँबॅसेडर सडत नाही" असं सांगणारा विकायलाच बसलेला असतो. तिच्यात सिल, मागच्या चाकावरची कमान, दारांचे तळ, डिकीचा तळ हे नेहमीचं, पण सगळ्यात आधी बघायचं ते पुढच्या सस्पेन्शनचं. पुढे टॉर्शन बार आहेत, लांब सळ्या, त्या मागे येऊन पुढच्या सीटच्या खालच्या आडव्या मेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या आडव्या तुळईत अडकतात आणि गाडीचं पुढचं सगळं वजन त्या एका जागेवर पीळ देऊन उभं असतं. तो मेंबर गंजला असेल तर वरून पॅच मारून भागत नाही, सळ्या मोकळ्या करून नवीन पत्रा घालायला लागतो आणि ते करणारा डेंटर जुना, जाणता पाहिजे. पिटवर किंवा रॅम्पवर गाडी न घेता अँबॅसेडर पसंत करूच नका.

तपासणी कशी करायची ते एका उदाहरणावरून सांगतो. मांजलपूरला एक पांढरी पद्मिनी बघितली, रंग एकदम चकाचक, क्रोम झळझळीत, बघणाऱ्याने तिथेच बयाणा द्यावा अशी. रुमालात गुंडाळलेलं साधं चुंबक डाव्या सिलवरून पुढून मागे सरकवत नेलं, पुढच्या चाकामागे वीतभर जागेत ते धरलंच नाही, हातातून सुटून खाली. बोटाच्या पेरांनी ठोकलं तर बाकी ठिकाणी टणटण आणि तिथे भद्द. म्हणजे आत पुट्टी. मग मॅट उचललं, खाली फोमचं दुसरं मॅट, ओलसर, कुबट वास, त्याखाली डांबरी शीट आणि शीटच्या कडेने तपकिरी पापुद्रे, पापडासारखे सुटणारे. मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर लावलाच नाही, टोक सरळ खाली बाहेर. मालक बिचारा प्रामाणिक, त्याने ती रंगवलेलीच घेतली होती, त्याला आतलं काही माहीतच नव्हतं. म्हणून सांगतो, विकणाऱ्याचा शब्द खरा असला तरी पत्रा स्वतःच बघायचा.

अजून एक चाचणी, जी फारसं कोणी करत नाही. जॅक लावायच्या जागी जॅक लावून एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करून बघा. बॉडी धड असेल तर दार पूर्वीसारखंच लागतं, सिल गेलेली असेल तर फट बदलते, दार घासतं किंवा अडकतं. जॅकची जागाच दबून आत गेली तर पुढे काही बघायची गरज नाही. आणि खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका, विकायच्या आठवड्यात मारलेला अंडरकोट बहुतेक वेळा झाकायलाच असतो. गाडी न धुता, दिवसाउजेडी दाखवायला सांगा, ओल्या गाडीवर सगळेच रंग छान दिसतात.

बडोद्याची गाडी असेल तर पुराचं वेगळं बघायला लागतं. २०१९ आणि २०२४ ला विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा कारेलीबाग, समा, फतेहगंज, अकोटा या बाजूच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरतं पण गाळ सिलच्या पोकळीत बसतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पुढची दोन-तीन वर्षं ती आतून ओली राहते, बाहेरून काही कळत नाही. दाराचं आतलं पॅनल खोलून गाळाची रेघ बघा, सीटच्या स्प्रिंगा बघा, डॅशबोर्डच्या आतल्या स्क्रूची डोकी बघा, तिथे पॉलिश करायला कोणी जात नाही. मुंबईच्या गाडीला खारी हवा लागलेली असते. माझा कल माळव्यातल्या गाडीकडे आहे, इंदूर-उज्जैनकडची, तिकडची हवा कोरडी, इंदूर आपल्याला एका दिवसाच्या रस्त्यावर आणि तिथे आपली मराठी मंडळीही भरपूर, कोणाकडे अंगणात झाकून ठेवलेली गाडी आहे का ते तोंडी विचारणा केली की कळतं. फक्त एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशोब करा.

मध्येच कोणी स्टँडर्ड हेराल्ड सुचवतं, म्हणजे ब्रिटनच्या ट्रायंफ हेराल्डची आपल्याकडे बनलेली गाडी. तिला वेगळी चेसिस आहे, बॉडीचे भाग बोल्टने सुटतात, काम शिकायला छान, ट्रायंफचे पार्ट ब्रिटनहून येतात. पण चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडे, मद्रासला बनली, ब्रिटनमध्ये ती कधी बनलीच नाही, त्यामुळे तिचं मागचं दार सडलं तर तिकडून येणार नाही. पहिल्या गाडीसाठी नको.

कागद थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, चेसिस नंबरची पट्टी गंजून गेलेली किंवा नवी रिव्हेट केलेली असेल तर तिथूनच परत या, कितीही गोड गाडी असो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेता येतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आहे, पण बॉडी-इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत आणि रोज वापरायला परवानगी नाही. रविवारी पोरांना घेऊन पावागढपर्यंत जायचं असं डोक्यात असेल तर साधी नोंदणी चालू असलेली, दर पाच वर्षांनी रिन्यू होणारी गाडीच बरी.

मग घ्यावी कोणती? दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत राहत असाल, पार्किंग अरुंद असेल तर पद्मिनी, ती साधारण ३.९ मीटर आणि अंगाने बारीक, अँबॅसेडर ४.३ मीटरच्या आसपास आणि रुंद. पण पद्मिनी घेताना पत्र्याला एक टक्काही सूट देऊ नका, इंजिन बंद असलेली, जाळी नसलेली पण कोरड्या तळाची पद्मिनी ही चालू इंजिनाच्या चकाचक पण सडक्या पद्मिनीपेक्षा शेवटी स्वस्त पडते. जागा असेल, घरात आईवडिलांना आरामात बसवायचं असेल आणि पहिलीच गाडी असेल तर मी मार्क थ्री किंवा मार्क फोर अँबॅसेडर सांगेन, पार्ट सोपे, पत्रा जाड, टॉर्शन बारची जागा ठणठणीत असली की बाकीचं निभतं. मार्क वन-टूच्या मागे लागायचं असेल तर बाहेरचं सामान पूर्ण असलेलीच घ्या, भाव जास्त पडला तरी.

आणि घेतल्यावर लगेच पार्टची खरेदी सुरू करू नका. आधी सगळं खोलून पत्रा उघडा पाडा, सडलेलं कापून सीओटू वेल्डिंगने नवा पत्रा घाला, पोकळ्यांत मेण किंवा अँटीरस्ट मारा, पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, मग इंजिन, मग वायरिंग. रबर बीडिंग रंग झाल्यावरच मागवा, आधी आणून माळ्यावर टाकलं तर आपल्या मे महिन्यात ते कडक होऊन बसतं आणि काचेच्या कडेने पहिल्याच पावसात पाणी आत येतं.