दुर्बिणीतून लॅटर्जे शस्त्रक्रिया: आठ महिन्यांनंतर खांदा कसा आहे

खांदा आता उतरत नाही. ज्यांचा सारखा उतरतो त्यांना एवढंच पुरेसं आहे, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

कॉलेजात कबड्डी खेळताना उजवा खांदा पहिल्यांदा निखळला. पुढे वरच्या फळीवरचा डबा काढताना, मग झोपेत कूस बदलतानासुद्धा. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या माणिकरावांमुळे वडोदऱ्यात हाड बसवून घेण्याची सवय जुनी आहे. दांडियाबाजारातल्या आमच्या आत्या अजूनही "बसवून घे, तेल लाव" म्हणतात. बसवलेला खांदा बसतो, हे खरंच. पण दर वेळी निखळताना दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या सांध्याच्या वाटीच्या (ज्यात तो बसतो) पुढच्या कडेवर आपटतो आणि ती कड झिजत जाते. गोळ्यालाही मागच्या बाजूने खाच पडते, तिला हिल-सॅक्स म्हणतात. काठ फुटलेल्या बशीत लिंबू ठेवलं तर ते घरंगळणारच. अशा वेळी फाटलेलं लेब्रम, म्हणजे वाटीच्या काठाची मऊ कड, नुसतं शिवून भागत नाही.

माझ्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लेब्रमचाच उल्लेख होता. हाड किती गेलंय ते थ्रीडी सीटी केल्यावर नीट दिसलं. वाटीच्या रुंदीचा साधारण २० टक्के किंवा त्याहून जास्त भाग गेला असेल, तर बहुतेक सर्जन तिथे हाड लावण्याचा विचार करतात. सीटीशिवाय ऑपरेशन ठरत असेल तर तो करायला सांगा, संकोच करू नका.

लॅटर्जे ही हाड लावण्याचीच एक पद्धत, ती मिशेल लॅटर्जे या फ्रेंच सर्जननी १९५४ साली मांडली. खांद्याच्या पुढच्या बाजूला कोराकॉइड नावाचा हाडाचा आकडा असतो. तो त्याला चिकटलेल्या स्नायूंच्या दोरीसकट कापून वाटीच्या झिजलेल्या कडेला आणतात आणि बहुधा दोन स्क्रूंनी बसवतात. कड भरून निघतेच, शिवाय हात वर करून बाहेर वळवला की ती दोरी ताणली जाऊन गोळ्याला पुढून अडवते. मला या ऑपरेशनमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते. हेच सगळं दुर्बिणीतून करायला लॉरां लाफोस यांनी या शतकाच्या सुरुवातीला सुरुवात केली.

भोकं लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं मात्र मुळीच नाही. आत हाड कापलं जातं आणि महत्त्वाच्या नसा अगदी शेजारून जातात. मोठा छेद घेऊन केलेल्या लॅटर्जेचे निकालही तितकेच चांगले येतात. म्हणून व्रण केवढा राहील यापेक्षा सर्जन हे ऑपरेशन किती वेळा करतात, ते आधी विचारावं.

पहिली रात्र भुलेच्या इंजेक्शनमुळे बरी गेली. हात बधिर होता आणि आत सोडलेल्या पाण्याने खांदा सुजला होता. खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. काही आठवडे स्लिंग, झोपणं आरामखुर्चीत, ब्लाउजचे हुक लावायला सासूबाई. कोपर वाकवून वजन उचलायला सक्त मनाई होती, कारण हलवलेल्या हाडावर तेच स्नायू ओढ घेतात. फिजिओकडचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण तो चुकवू नका. मला कापलेल्या भागापेक्षा आखडलेल्या सांध्याने जास्त दिवस छळलं.

नवरात्रात गर्दीचा गरबा टाळला, सोसायटीच्या अंगणात टाळ्यांपुरते हात हलवले. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवला, पेच घेतले, खांद्याने कुरकुर केली नाही. सीटीत हाड जुळलेलं दिसतंय. हात बाहेर वळवताना डाव्यापेक्षा थोडा कमी जातो आणि थंडीत पुढून ओढल्यासारखं वाटतं. कबड्डीला मात्र परत जाणार नाही, तो माझा निर्णय आहे.

मावा-तंबाखू खाणाऱ्यांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी तारीख घेण्याआधी ते सोडावं. निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो, आणि या ऑपरेशनमध्ये सगळी भिस्त हाड जुळण्यावरच आहे.