वजनाची एककं बदलणारा पहिला प्रोग्राम: इफ-एल्स की तक्ता?

किलोचे पाउंड आणि पाउंडाचे किलो करून देणारा प्रोग्राम नवशिक्याला सरावासाठी चांगला. गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही, त्यामुळे सगळं लक्ष कोडच्या मांडणीकडे देता येतं. ही मांडणी साधारण दोन प्रकारे होते. एकीत प्रत्येक रूपांतराला वेगळी अट, म्हणजे इफ-एल्सची साखळी. दुसरीत सगळ्या एककांचा एक तक्ता आणि सगळ्यांना मिळून एकच सूत्र. पायथन घ्यावं की सी, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा कोणती, यावर लोक जास्त वाद घालतात, पण मांडणीचा निर्णय त्याहून मोठा आहे.

इफ-एल्सचा कोड वाचता क्षणी कळतो: किलोतून पाउंड हवे असतील तर या आकड्याने गुणा, पाउंडातून किलो हवे असतील तर त्या आकड्याने. उत्तर चुकलं तर कोणत्या ओळीत बघायचं तेही लगेच समजतं. अट कशी तपासतात, इनपुट कसं घेतात, एवढंच शिकायचं असेल तर दोन एककांपुरती हीच रीत घ्या. पहिल्याच दिवशी तक्त्यावर उडी मारण्यात काही मोठेपणा नाही.

तिसरं एकक आलं की चित्र बदलतं. दोन एककांत रूपांतरं दोनच होती, ग्रॅम जोडला की ती ६ होतात. ५ एककांत २०, ८ एककांत ५६. प्रत्येक अटीत हाताने टाइप केलेला वेगळा आकडा. त्यातला एखादा चुकला तरी बाकीचे ५५ बरोबर असतात, म्हणून प्रोग्राम व्यवस्थित चालतोय असंच वाटत राहतं.

तक्त्यात ८ एककांना ८ आकडेच लागतात. एक एकक पायाभूत धरायचं, समजा ग्रॅम. मग प्रत्येक एककासमोर त्यात किती ग्रॅम बसतात ते लिहायचं: किलो १०००, पाउंड ४५३.५९२३७, औंस २८.३४९५२३१२५, स्टोन (ब्रिटनमधलं वजनाचं एकक) ६३५०.२९३१८, कॅरट (रत्नांच्या वजनाचं एकक) ०.२. आलेल्या वजनाला 'कशातून' या एककाच्या आकड्याने गुणायचं, 'कशात' या एककाच्या आकड्याने भागायचं. १० स्टोनचे पाउंड करताना आधी ६३५०२.९३१८ ग्रॅम होतात, त्यांना ४५३.५९२३७ ने भागलं की १४०. स्टोन आणि पाउंड यांच्यातलं थेट नातं प्रोग्रामला कुणी सांगितलेलंच नाही, तरी उत्तर बरोबर येतं. नवं एकक म्हणजे तक्त्यात एक नवी ओळ, सूत्राला हात लावायचा नाही.

या रीतीची किंमत आहे. डिक्शनरी नावाची गोष्ट, म्हणजे नाव दिलं की त्यासमोरचा आकडा काढून देणारा कोडमधला तक्ता, आधी शिकावी लागते, आणि तक्त्यात नसलेलं नाव कुणी टाइप केलं तर प्रोग्राम तिथेच कोसळतो, त्याची तपासणी आपण लिहायची. शिवाय ही युक्ती निव्वळ गुणाकाराच्या नात्यांनाच चालते. लांबीला चालेल, पण सेल्सिअस-फॅरनहाइटला नाही, कारण तिथे ३२ मिळवावे लागतात.

माझं मत सरळ आहे: दोन एककांना इफ-एल्स, तिसरं यायच्या आत तक्ता. जुना कोड मोडून नव्याने लिहिण्यात जो तासभर जातो, त्यातच या सरावाचं खरं शिक्षण आहे.

तक्त्याची बाजू घेण्याचं आणखी एक कारण आकड्यांच्या अचूकतेत आहे. १९५९ साली इंग्रजी एककं वापरणाऱ्या देशांनी करार करून १ पाउंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलो असं ठरवलं. हा आकडा कुठेही कापलेला नाही, व्याख्याच ती आहे. उलट १ किलोत किती पाउंड, हा आकडा न संपणारा. इफ-एल्समध्ये दोन्ही दिशांचे आकडे लागतात, मग बरेच जण सरळ २.२ लिहून मोकळे होतात. त्याने १०० किलोचे २२० पाउंड येतात, खरं उत्तर २२०.४६. तक्त्यात फक्त नेमकी दिशा लिहायची, उलटी दिशा भागाकार सांभाळतो.

एककांची नावं मात्र दोन्ही रीतींत जपावी लागतात. सोन्याचांदीच्या व्यवहारातला ट्रॉय औंस ३१.१०३४७६८ ग्रॅमचा, साधा औंस त्याहून हलका. टन तर तीन: १००० किलोचा मेट्रिक, २००० पाउंडांचा शॉर्ट आणि २२४० पाउंडांचा लाँग. नुसतं 'टन' असं नाव देऊ नका, आणि उत्तर छापताना आकड्याशेजारी एकक छापाच. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचं इंधन हवेतच संपलं. २२,३०० किलो इंधन हवं होतं, पण हिशेबात लिटरमागे ०.८ किलोऐवजी १.७७ पाउंड हा आकडा धरला गेला, आणि टाक्यांत होते तितके पाउंड, म्हणजे निम्म्याहून कमी. वैमानिकांनी ते बंद इंजिनांनिशी कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, कुणाचा जीव गेला नाही.

दशांश किती दाखवायचे? छापताना दोन पुरेत, पण मधल्या पायरीत कधीच राउंड करू नका. उत्तराच्या शेपटीला ०.३०००००००००००००००४ सारखं काही दिसलं तर घाबरायचं कारण नाही. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश संख्येत, बहुतेक दशांश जवळपासचे साठवले जातात, त्याचा तो परिणाम. त्यामुळे दोन उत्तरं जुळतात का हे 'बरोबर' चिन्हाने तपासू नका, फरक अगदी लहान आहे ना ते बघा. आणि पायथनचं राउंड २.५ चे २ करतं, ३ नाही. नेमक्या अर्ध्यावर ते सम संख्येकडे झुकतं, बिघडलेलं नसतं.

आता भाषा. नवशिक्याने पायथन घ्यावं. डिक्शनरी त्यात आयतीच असते, आणि एक बोनस असा की 'फ्लोट' फंक्शनला '१२.५' असे देवनागरी अंक दिले तरी ते समजतात. जावास्क्रिप्ट तेच इनपुट आकडा मानत नाही. पायथनमध्ये इनपुट मात्र स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून येतं. त्याचं फ्लोट करायला विसरलात आणि किलोचे ग्रॅम करायला १००० ने गुणलंत, तर ५ हा अंक हजार वेळा ओळीने छापला जातो. वेब पानावर चालणारा प्रोग्राम हवा असेल तर जावास्क्रिप्ट हा सगळ्यात सरळ मार्ग. सी घ्यायचं ते संगणक आतून कसा चालतो हे शिकायचं असेल तरच. त्यात १/१६ लिहिलंत तर उत्तर ० येतं, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो. औंसांचे पाउंड करताना १/१६ ऐवजी १.०/१६ लिहा.