गेमसाठी कोणता एसएसडी घ्यावा: साटा, जेन ३, जेन ४ की जेन ५?

साटा ही ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत; एनव्हीएमई ड्राइव्ह वेगवान पीसीआयई जोडणीवर चालतात आणि जेन ३, ४, ५ या तिच्या पिढ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ५५०, ३५००, ७००० किंवा १४००० एमबी प्रति सेकंद हा वेग सलग वाचनाचा असतो. एकच मोठी फाइल, मागण्यांची रांग लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली तरच तो मिळतो. गेम तसं वाचत नाही. लेव्हल उघडताना टेक्श्चर, आवाज, मॉडेल असे हजारो छोटे तुकडे ठिकठिकाणांहून उचलले जातात आणि त्यातला बराचसा डेटा प्रोसेसरला आधी डिकम्प्रेस करावा लागतो. म्हणून लोडिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर ड्राइव्ह बराच वेळ निवांत आणि प्रोसेसरचे एकदोन कोर मात्र पूर्ण कामात, असं हमखास दिसतं.

खरा फरक कळतो तो ४ केबीच्या, एका वेळी एकच मागणी अशा विस्कळीत वाचनात. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये ही ओळ सर्वांत खाली असते आणि बहुतेकांची नजर तिथे जातच नाही. हार्ड डिस्क तिथे साधारण १ एमबी प्रति सेकंदाच्या आसपास रेंगाळते, साटा एसएसडी ३० ते ४० देतो, चांगला एनव्हीएमई ६० ते ९०. हार्ड डिस्क सोडली की झेप कित्येक पटींची आहे. साटावरून एनव्हीएमईवर गेलात की जेमतेम दुप्पट. जेन ३ वरून जेन ५ वर तर त्याहूनही कमी. बहुतेक गेममध्ये साटा आणि एनव्हीएमई यांच्या लोडिंगमधला फरक काही सेकंदांचाच राहतो, तो यामुळे. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तर कुठलाच एसएसडी वाढवत नाही. फक्त मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये हार्ड डिस्कमुळे बसणारे झटके कमी होतात.

हार्ड डिस्क नव्या गेमसाठी बाद समजा. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'स्टारफील्ड' यांच्या किमान गरजांतच एसएसडी लिहिलेला आहे. सध्या खेळत नसलेले गेम साठवून ठेवायला ती ठीक.

साटा, अडीच इंची. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (ड्राइव्ह थेट बोर्डवर बसवायची जागा) नसेल किंवा भरलेला असेल, तर निःशंक घ्या. सोबत साटा डेटा केबल लागते आणि पॉवर सप्लायमधून एक मोकळा साटा कनेक्टर. केबल खोक्यात बहुधा नसते. मात्र डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी, नसलेला साटा एसएसडी टाळा. एनव्हीएमई ड्राइव्हला डीरॅम नसला तरी तो एचएमबी वापरून संगणकाच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतो. साटाला ती सोय नाही.

जेन ३ एनव्हीएमई. जुन्या बोर्डवर जेन ४ चा ड्राइव्ह लावला तरी तो जेन ३ च्या वेगाने बिनतक्रार चालतो. म्हणून जेन ३ मुद्दाम शोधण्याचं कारण एकच: तो बराच स्वस्त मिळत असेल तर.

जेन ४ एनव्हीएमई ही आज गेमसाठीची योग्य निवड. एचएमबीवाला, टीएलसी फ्लॅशचा (हा प्रकार पुढे सांगितला आहे) जेन ४ ड्राइव्ह गेमच्या कामात डीरॅमवाल्या महाग ड्राइव्हपेक्षा मागे पडल्याचं जाणवत नाही.

जेन ५ वेगवान आहे, पण जास्त तापतो आणि हीटसिंक मागतो. हा वेग मोठ्या व्हिडिओ फायली हलवणाऱ्यांच्या उपयोगाचा. डायरेक्टस्टोरेज या, गेमचा डेटा ड्राइव्हवरून झटपट उचलण्याच्या तंत्रामुळे चित्र बदलेल अशी आशा होती. मायक्रोसॉफ्टने ते मार्च २०२२ मध्ये विंडोजसाठी खुलं केलं. जानेवारी २०२३ मध्ये 'फोरस्पोकन' आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ग्राफिक्स कार्डवर डिकम्प्रेस करणारा 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' आला. पण असे गेम अजून मोजकेच आहेत आणि त्यांनाही जेन ४ पुरतो.

जेनपेक्षा जास्त विचार फ्लॅशचा, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपच्या प्रकाराचा करा, कारण गेमच्या ड्राइव्हला वाचताना नाही, तर अपडेट घेताना घाम फुटतो. टीएलसीत एका सेलमध्ये ३ बिट, क्यूएलसीत ४. दोन्ही प्रकार मोकळ्या जागेचा काही भाग एसएलसी कॅशे (वेगवान तात्पुरती जागा) म्हणून वापरतात आणि लिहिलेलं आधी तिथे घेतात. ड्राइव्ह भरत जातो तशी ही कॅशे आक्रसते. ती संपली की टीएलसी बराच वेग टिकवून धरतो, क्यूएलसी मात्र हार्ड डिस्कच्या पातळीला किंवा त्याखालीही येऊ शकतो. आता स्टीमचं अपडेट पाहा: डाउनलोड थोडासाच असतो, पण गेमचा डेटा काही मोठ्या पॅक फायलींत असेल तर त्या अख्ख्या नव्याने लिहाव्या लागतात. ९५ टक्के भरलेल्या क्यूएलसीवर डाउनलोडचा आलेख शून्यावर आणि डिस्कचा आलेख चालू, अशी अवस्था बराच वेळ राहते. दोष इंटरनेटचा नसतो. क्यूएलसीचं वाचन चांगलं असतं; ४ टीबीचा साठा हवा असेल तर जरूर घ्या, फक्त १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

ड्राइव्ह झिजेल याची चिंता इथे गैरलागू आहे. १ टीबीच्या टीएलसीला साधारण ६०० टीबीडब्ल्यूची, म्हणजे ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज १०० जीबी लिहिले तरी ती संपायला १६ वर्षं लागतील.

क्षमतेत कंजुषी करू नका. १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो; त्यातली मोकळी सोडायची जागा वजा केली तर ७५० ते ८०० उरतात. 'बाल्डर्स गेट ३' १५० जीबी मागतो, 'स्टारफील्ड' १२५. असे पाचसहा गेम झाले की संपलं. १ टीबीचा जेन ५ आणि २ टीबीचा जेन ४ यांत निवड असेल तर २ टीबी घ्या.

विकत घेण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम.२ आकाराचा म्हणजे एनव्हीएमईच असं नाही; दोन खाचांचा ड्राइव्ह बहुधा साटा असतो आणि फक्त एनव्हीएमई मानणाऱ्या स्लॉटमध्ये तो दिसणारच नाही. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात, काहींवर ग्राफिक्स कार्डच्या १६ लेनच्या (डेटाच्या मार्गांच्या) ८ होतात. लांबीही पाहा: डेस्कटॉपला २२८० (८० मिमी लांब), स्टीम डेकसारख्या हातातल्या यंत्राला २२३० (३० मिमी). पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेला ड्राइव्ह अनेकदा बसत नाही.

बसवताना ड्राइव्ह तिरका सरकवून आत घाला, मग दाबून स्क्रू लावा. खालचा स्टँडऑफ (स्क्रू बसतो तो छोटा खांब) ८० मिमीच्या जागी आहे ना ते आधी पाहा, नाहीतर ड्राइव्ह वाकतो. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. ती राहिली तर ड्राइव्ह तापून स्वतःचा वेग उतरवतो.

नवा ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये नाही, तर तो बिघडलेला नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी म्हणून इनिशियलाइझ करा आणि एनटीएफएसचं व्हॉल्यूम बनवा. मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून नवा ड्राइव्ह जोडा, गेम निवडा आणि मूव्ह दाबा. पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही.