कडा करप्याचे ‘जैविक’ औषध आणि गार पडलेली बादली

गेल्या श्रावणाच्या अखेरीस, गणपती आठ दिवसांवर आलेले असताना, संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीत एका फिरत्या विक्रेत्याने भाताच्या कडा करप्यावरील औषध म्हणून जे विकले, त्याची हकीकत मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. माझे स्वतःचे २,९०० रुपये गेले हे त्याचे एक कारण. पण वाडीतल्या आणखी सात घरांनी ते औषध केवळ ‘गुरुजींनी घेतले’ एवढ्यावरच घेतले, हे मला जास्त बोचते.

भात पोटरीत येत होते, म्हणजे लोंब्या अजून आतच होत्या. माझ्या तीस गुंठ्यांपैकी खालच्या खाचरांत पाती शेंड्याकडून आणि कडांनी पिवळ्या पडत चालल्या होत्या, हिरव्या-पिवळ्यामधली रेघ नागमोडी दिसत होती आणि सकाळी काही पातींवर मधाच्या रंगाचे बारीक थेंब दिसत. साधा करपा बुरशीमुळे होतो, कडा करपा मात्र जिवाणूमुळे, आणि म्हणून बुरशीनाशकाचा त्यावर उपयोग होत नाही, एवढे मला माहीत होते. महाराष्ट्रात या रोगाची पहिली नोंद १९५१ सालची आहे, तेव्हा तो काही नवा पाहुणा नव्हे.

विक्रेता अभ्यासू वाटला, आणि खरी गोम तिथेच होती. या रोगावर फवारले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसांचीही औषधे आहेत, त्यांतले पहिले क्षयरोगावर वापरतात, शेतात ती वारेमाप वापरली तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात, आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यांचा शेतीतील वापर थांबवण्यासाठी मसुदा आदेश काढला, असे तो म्हणाला. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच त्यानंतर आलेले ‘आमचे औषध शुद्ध जैविक, दहा दिवसांत रोग मुळापासून जातो’ हे वाक्यही मी त्याच ओघात खरे धरून चाललो.

मग त्याने पडवीत दोन काचेचे पेले मागवले. रोगट पात तोडून तिचा हिरव्या-पिवळ्या सीमेवरचा तुकडा त्याने पहिल्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरला, तेव्हा कापलेल्या टोकातून दुधाळ धार हळूहळू खाली उतरली. ते जिवाणू होते आणि ही परीक्षा अस्सल आहे. दुसऱ्या पेल्यात औषधाचे चार थेंब टाकून त्याने दुसरा तुकडा धरला, आणि पाणी नितळच राहिले. चाळीस वर्षे मुलांना प्रयोग शिकवलेल्या माणसाने दुसरा तुकडा कुठून कापला ते पाहायला हवे होते. तो पातीच्या वाळून कोळ झालेल्या शेंड्याचा होता. पुढे मी तसाच वाळका शेंडा नुसत्या पाण्यात धरून पाहिला, तेव्हाही त्यातून काहीच निघाले नाही.

औषधाच्या बाटलीबरोबर ‘जिवाणू संवर्धक’ नावाची पांढरी पूड होती. ती बादलीत कालवताना पाणी एकदम गार पडले. शेजारचे तात्या बांधावरूनच म्हणाले, “गुरुजी, युरिया विरघळताना पाणी असंच गार लागतं हो.” मी हसून टाळले.

आठवड्याभरात भात काळपट हिरवे झाले. हे पाहूनच इतर घरांनी बाटली आणि पुडीच्या आपापल्या जोड्या घेतल्या, आणि विक्रेता पुन्हा येऊन पैसे घेऊन गेला. पुढे दोन-तीन दिवस वाऱ्यासह पाऊस झोडपत राहिला आणि रोग खालच्या खाचरांतून सगळ्या मळ्यात पसरला. लोंब्या बाहेर पडल्या, पण बऱ्याच पोचट.

कृषी सहायकांनी शेत पाहून सांगितले की तो हिरवेपणा नत्राचा, म्हणजे युरियातून मिळणाऱ्या नायट्रोजनचा, असावा, आणि जादा नत्राने हा रोग बळावतोच. पात रोगाने पूर्ण भरल्यावर ती बरी करणारे औषध नसते. जे करायचे ते आधी आणि थोडे थोडे करायचे असते. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा, पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नये, लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नयेत, कारण जखमेतून जिवाणू आत शिरतात, रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये आणि ओल्या रोगट भातात शिरून तसेच निरोगी भातात जाऊ नये. ताज्या शेणाच्या गाळलेल्या पाण्याची फवारणी सुरुवातीलाच घेण्याची शिफारस तामिळनाडूत आहे, हेही त्यांनी सांगितले. रोगप्रतिकारक वाणांचा मार्ग सर्वांत स्वस्त. हैदराबादला तयार झालेल्या सुधारित सांबा मसुरीत या रोगाविरुद्धची तीन जनुके आहेत, पण आमच्या खाचरांना कोणता वाण चालेल ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाला किंवा कर्जतच्या संशोधन केंद्राला विचारूनच ठरवायला ते म्हणाले.

बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत यांपैकी काहीच नव्हते, आणि जैविक कीडनाशकालाही नोंदणी लागते हे मला तेव्हा माहीत नव्हते. पावती ‘गणपतीनंतर’ मिळणार होती. विक्रेत्याचा फोन आता बंद आहे. परवानाधारक दुकानातून पक्की पावती घेतलेली असती, तर तक्रारीला निदान एक कागद हाती राहिला असता. उरलेले एक पाकीट मी पंचायत समितीच्या कृषी विभागात नेऊन दिले. त्यावर कंपनीचे नाव सापडेना, बॅचही सापडेना, म्हणून कारकुनाने माझ्यासमोरच वहीत लिहिले: ‘पांढरी पूड, एक पाकीट, देणार गुरुजी.’