ब्योमकेश बक्शी: आठ महिने, रोज रात्री एक भाग

मार्चपासून रात्रीची जेवणं आटोपली की बाबा आणि मी दूरदर्शनवरच्या जुन्या 'ब्योमकेश बक्शी' या डिटेक्टिव्ह मालिकेचा एक भाग लावतो. आता कितवी तरी फेरी चालू आहे. गुन्हेगार कोण हे दोघांनाही पाठ झालंय, तरी एकाही रात्री दुसरं काही लावावंसं वाटलं नाही.

मालिका बासू चटर्जींची, कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या. पहिलं पर्व 1993 चं, दुसरं 1997 चं. कुणी पाहायला घेतली की त्याला ग्रामोफोनच्या पिनेची गोष्ट आधी सांगितली जाते. ती चांगलीच आहे. पण आठ महिन्यांनंतर माझं मत असं की ही मालिका तिच्या साध्या, मधल्या भागांवर उभी आहे. ज्यांची नावंही चटकन आठवत नाहीत, असे भाग. कुणीतरी अडचण घेऊन येतो, चहा येतो, ब्योमकेश ऐकून घेतो आणि सगळ्यांना बिनमहत्त्वाचा वाटलेला एखादाच प्रश्न विचारतो. पाठलाग नाही, पिस्तुलं क्वचित.

'मकड़ी का रस' घ्या. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा आहे, त्याला कोळ्याच्या रसाच्या नशेचं व्यसन. घरातले रात्रंदिवस पहारा देतात, तरी माल त्याच्यापर्यंत पोचतोच. कसा? ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून तो आपल्या मित्राला, अजितला पाठवतो. अजितच्या डोळ्यांसमोर सगळं घडतं आणि त्याला काहीच उमगत नाही. परत येऊन तो पाहिलेलं सांगतो, आणि उत्तर त्या सांगण्यातच असतं. पहिल्या वेळी बाबा मध्येच म्हणाले, "थांब, मागे घे. तो म्हातारा काय करून राहिला ते पाहू दे." तीनदा मागे घेतलं. उत्तर इथे लिहीत नाही, कारण ते शोधायचा आनंद तुम्हाला मिळायला हवा.

के. के. रैनांचा अजित मला रजित कपूरच्या ब्योमकेशइतकाच महत्त्वाचा वाटतो. रजित कपूर आवाज चढवतच नाही. धोतर-कुर्त्यातला हा माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, आणि त्या शब्दाचं ओझं चालण्याबोलण्यात दिसतं. समोर कुणीतरी ऐकणारा असल्याशिवाय ते दिसलं नसतं. रैना ऐकतात. त्यांच्या चेहऱ्यावर आपलाच गोंधळ असतो.

आता त्रासाचं. चित्र धूसर आहे, ते चालतं. आवाज मात्र फार बारीक. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर गेला की कूलर बंद करायची कुणाची हिंमत होत नाही, आणि कूलर चालू असला की ब्योमकेशचं अर्धं बोलणं वाऱ्यात जातं. शेवटी आम्ही अंघोळ करून, ओला दुपट्टा खांद्यावर टाकून, भागापुरता कूलर बंद ठेवायला लागलो. बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून छोटा स्पीकर त्यांच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर ठेवला. त्यानं खरा फरक पडला, तुमच्याकडेही कुणी वयस्क असेल तर करून पाहा. आम्ही जिथे पाहतो तिथे भागांचा क्रमही चुकलेला आहे. त्यामुळे सत्यवती आधी ब्योमकेशची बायको म्हणून दिसली आणि तिची ओळख नंतर झाली. क्रम कागदावर लिहून घ्या, मगच सुरुवात करा.

सत्यवतीचं काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलंय. पहिल्या भेटीत ती भावासाठी ज्या धीरानं उभी राहते, ते पाहून वाटतं की ही पुढेही तपासात असेल. पुढे तिच्या वाट्याला फार काही येत नाही, आणि ती कमतरता मला प्रत्येक फेरीत जास्त खुपली. काही भागांत शेवटी ब्योमकेश पाच मिनिटांत सगळा उलगडा नुसता बोलून दाखवतो, तेही घाईचं वाटतं.

आईला हेरगिरीत रस नव्हता. ती आतल्या खोलीत झोपायची. पावसाळ्यात कूलर निघाला, घर शांत झालं आणि तिला आवाज आत ऐकू जाऊ लागला. एका रात्री दाराशी येऊन म्हणाली, "अहो, तो डॉक्टर खोटं बोलतोय." बरोबर होतं. आता तिची खुर्ची मध्ये असते, आणि स्पीकर थोडा पुढे सरकवावा लागला आहे.