लोखंड एका गाडीचं, कागद दुसऱ्या गाडीचा

सप्टेंबर लागला की चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात जुन्या जिप्सीचा भाव चढतो. ताडोब्याचा कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतो आणि १ ऑक्टोबरला गेट उघडतात. मोहर्ली-कोलाऱ्याकडच्या गावांत मग ज्याच्याजवळ थोडेफार पैसे जमले आहेत त्याला सफारीला लावायला गाडी पाहिजे असते. नवी जिप्सी मिळत नाही, मारुतीने २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद केली. माल मोजका आणि गिऱ्हाईक घाईत, दलालाला आणखी काय पाहिजे?

चिमूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा सौदा असाच झाला. पांढरी सॉफ्ट टॉप, मध्य प्रदेशचं पासिंग, आरसीवर २००४ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी. किंमत ३ लाख १० हजार ठरली, इसार ५० हजार. विकणाऱ्याने बॉनेट उघडून दिलं: "भाऊ, इंजिन पाहून घ्या, मंग बोला. कागदाचं टेन्शन नोका घेऊ, एनओसी आठ दिवसांत घरी येते." सोबत नेलेल्या मिस्त्रीने इंजिन ऐकलं, सायलेन्सरचा धूर पाहिला, ऑइल बोटाला लावून पाहिलं. सगळं ठीक होतं. फसवणूक इंजिनात नव्हतीच. पूर्ण पैसे गेले, सही केलेले टीटीओचे म्हणजे मालकीबदलाचे कोरे फॉर्म हातात आले आणि गाडी गावात आली. एनओसी म्हणजे मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला दिवाळीपर्यंत आला नाही, मग फोनही लागेना. शेवटी त्याने स्वतः परराज्यात जाऊन चौकशी केली, तेव्हा कळलं की या नंबरची किंग काही वर्षांपूर्वीच ट्रकखाली चुरा झाली होती. भंगार एकाने नेलं, कागद दुसऱ्याने.

आता ती गाडी नीट आठवा. गिअरच्या दांड्यावर चारच गिअर होते आणि इंजिनावर कार्बोरेटर होता.

जिप्सी पहिल्यांदा १९८५ च्या शेवटी आली ती ९७० सीसी इंजिन आणि चार गिअरची, एमजी४१०. १९९६ मध्ये किंग आली, १२९८ सीसी, पाच गिअर. २००० पासून किंगला एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरवालं १६ व्हॉल्व्हचं इंजिन आलं. म्हणजे २००४ ची किंग चार गिअरची आणि कार्बोरेटरची असूच शकत नाही. मिस्त्रीने तासभर इंजिन ऐकलं, पण आरसीवरची सीसीची ओळ गाडीशी ताडून पाहायला कोणालाच सुचलं नाही. इंजिन बदललेलं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. इथे इंजिन, गिअरबॉक्स आणि फ्रेम तिन्ही जुन्या गाडीचे होते, फक्त नंबर किंगचा कोरला होता.

या धंद्याची रीत अशीच आहे. मोडीत निघालेल्या किंवा विम्याने टोटल लॉस ठरवलेल्या गाडीची आरसी कायद्याने आरटीओत जमा होऊन रद्द व्हायला पाहिजे. ती होत नाही, विकली जाते. मग त्या कागदाला साजेसं लोखंड शोधतात. कधी चोरीची गाडी, कधी बिनकागदाची जुनी जीप. जिप्सी, एमएम ५४०, कमांडर, जोंगा अशा गाड्यांत हे सोपं जातं, कारण त्या वेगळ्या फ्रेमवर बसवलेल्या असतात. चेसिस नंबर फ्रेमच्या एका हातभर तुकड्यावर असतो, आणि तेवढा तुकडा बदलला की गाडी 'बदलली'.

म्हणून सुरुवात इंजिनापासून नाही, फ्रेमपासून करायची. जिप्सीत नंबर उजव्या बाजूच्या फ्रेमवर, पुढच्या चाकाजवळ कोरलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, म्हणजे जागा दिसते. चिखल आणि ग्रीस थिनरच्या फडक्याने पुसा, सँडपेपर लावू नका. त्याने अस्सल नंबरही घासलेला दिसतो, आणि पुढे तोच दोष तुमच्या माथी येतो. नंबरावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तीच पद्धत. कारखान्यातले अंक एका उंचीचे, एका ओळीत, सारख्या खोलीचे उमटतात. हाताने पंच मारलेल्या नंबरात एखादा तीन तिरका असतो, एखादा आठ खोल जातो, दोन अंकांत फट जास्त पडते. डोळ्यांना हे गाडीवर दिसत नाही, कागदावर लगेच दिसतं. अंकांच्या आजूबाजूला बारीक समांतर रेघा उमटल्या तर तिथे ग्राइंडर फिरला आहे.

मग तोच हात नंबराच्या पुढे-मागे वीतभर फिरवा. तुकडा कापून बसवला असेल तर उभी शिवण लागते. ती घासून वर पुट्टी भरतात आणि काळा रंग मारतात. लोहचुंबक चांगल्या फ्रेमला जसा घट्ट चिकटतो तसा त्या जागी चिकटत नाही. पंचवीस वर्षांच्या फ्रेमवर तेवढ्याच भागाला ताजा रंग असेल तर विकणाऱ्याला काही विचारायची गरज नाही, गाडीखालून बाहेर या. इंजिनजवळच्या पत्र्यावरची कंपनीची पाटीही पाहा: रिव्हेट जुने, गंजलेले आहेत की बाजारातले चकचकीत?

चेसिस नंबर १७ अंक-अक्षरांचा असेल तर त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. मारुतीचा एमए३ ने आणि महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो. फार जुन्या गाड्यांचे नंबर छोटे असतात, तिथे हा नियम लावू नका.

आता कागद. परिवहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कंपनी, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. आरसीवर पेट्रोल लिहिलं आहे आणि समोर डिझेल धडधडते आहे, असं फार आढळतं. जिप्सीत डिझेल इंजिन बसवण्याची हौस जुनी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरसीवर नोंदवलेला पाहिजे. नसेल तर पासिंगला अडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. गाडी चोरीची तर नाही हे एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या 'वाहन समन्वय' सेवेवर पाहता येतं. तिथे नंबर सापडला नाही म्हणून गाडी शुद्ध, असा अर्थ मात्र काढू नका. चिमूरच्या गाडीचा नंबर तिथे सापडला नसता, कारण तो नंबर चोरीचा नव्हताच.

जुन्या हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकाची गाडी बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाही. तेव्हा ठरलेलं वाक्य येतं: "बॅकलॉग करून देतो." बॅकलॉग म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवणं. ती मूळ आरटीओच करतं, त्यांच्या जुन्या रजिस्टरवरून. नोंद होऊन गाडी पोर्टलवर दिसेपर्यंत इसारापलीकडे एक रुपया देऊ नका, आणि इसारही ५ हजारांच्या वर नको.

परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी मूळ आरटीओतून लागते. ती मिळाल्याची नोंद ऑनलाइन दिसते, त्यामुळे मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर विसंबायचं कारण नाही. मालकीबदलाला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. महाराष्ट्राचा नंबर घेताना गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर पुन्हा भरावा लागतो, तो सौद्यातच धरा. १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, २० वर्षांवरच्या मोटारीची ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, पर्यावरण कर वेगळा. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या स्वस्त का असतात ते यावरून समजून घ्या: तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल चालवायला बंदी आली आणि तो माल बाहेर निघाला. गाडी चांगली असू शकते, पण एनओसी निघालेली नसेल तर ती तुमच्या अंगणातली शोभा.

सही केलेले कोरे २९-३० म्हणजे मालकी नव्हे. ५०० च्या स्टॅम्पवरची नोटरीही नव्हे. आता मालकीबदलाच्या अर्जात आरसीवरच्या मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे तो माणूस जिवंत पाहिजे आणि फोन उचलणारा पाहिजे. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाने गाडी आधी चढते, मग विक्री. मेलेल्या माणसाची सही असलेले टीटीओ आपल्याकडे सर्रास फिरतात. त्यामुळे दलालाला नाही, आरसीवरच्या मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटा. शंभर किलोमीटर जायचं पेट्रोल स्वस्त पडतं.

मिलिटरीच्या गाड्यांबद्दल सविस्तर सांगावं लागेल, कारण पुलगाव, कामठी आणि जबलपूर जवळ असल्याने विदर्भात "लिलावाची गाडी" या शब्दावर लोक लगेच विश्वास ठेवतात. सैन्यातल्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. वर टोक असलेला बाण, वर्षाचे दोन अंक, एक अक्षर आणि पुढे अंक, असा तिचा नंबर. लिलावात घेतल्यावर तिची नागरी नोंदणी पहिल्यांदाच होते, आणि त्यासाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१ चं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्स चालत नाही. प्रमाणपत्र ज्याच्या नावाने आहे त्याच्या नावाने आधी नोंदणी झालेली पाहिजे. मधल्या तीन दलालांच्या चिठ्ठ्यांची साखळी आरटीओ मानत नाही. आणि कागदावर गाडी चालू वाहन म्हणून विकली आहे की भंगार म्हणून, ती ओळ मोठ्याने वाचा. भंगार म्हणून गेलेली गाडी रस्त्यावर आणायचा मार्ग नाही, मग तिला कितीही हिरवा रंग मारा.

जोंग्याची हौस असणाऱ्यांना एवढंच: ती जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनली आणि १९९९ ला बंद झाली. मूळ इंजिन ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडर, पेट्रोलचं. ते पेट्रोल पिणं परवडत नाही म्हणून बहुतेकांत डिझेल बसलं आहे. जोंगा दिसली की आधी आरसीवरचं इंधन पाहा, फोटो नंतर काढा.

यातली सगळ्यात हलकी फसवणूक फोनवर होते. "मी फौजी हाव, जम्मूले बदली झाली, जिप्सी दीड लाखात देऊन टाकतो." सोबत ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो. गाडी "आर्मी ट्रान्सपोर्टने" निघते, आधी ५,१०० भाडं, मग गेटपास, मग परत मिळणारं डिपॉझिट. गाडी नसतेच. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठली तरच हाती लागते.

गाडीच्या तब्येतीचं थोडक्यात. जिप्सीत खाली झोपून तीन प्रोपेलर शाफ्ट मोजा: गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस एक छोटा, एक पुढे, एक मागे. पुढचा शाफ्ट आवाज करतो म्हणून तो काढून ठेवतात आणि फोर बाय फोर म्हणून विकतात. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर किंगपिनचे बेअरिंग गेले असण्याची शक्यता धरा. पाटे, पुढच्या एक्सलच्या टोकाचे सील, ट्रान्सफर केसची घरघर हे सगळं दुरुस्त होतं, भाव कमी करून घ्या आणि पुढे चला.

विकणाऱ्यानेही सावध असावं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात पुढे गेली तरी नोटीस तुमच्याच घरी येते. फॉर्म २९ ची सूचना स्वतः भरा, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत. गाडी सोपवल्याच्या चिठ्ठीवर तारखेसोबत वेळही लिहा आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत शेवटचे २०-२५ हजार बाकी ठेवायला कोणी मागितले तर रागावू नका, तो शहाणा गिऱ्हाईक आहे.

फसगत कळल्यावर माणूस पहिली चूक हीच करतो: "माझे गेले, आता दुसऱ्याच्या गळ्यात मारतो." नंबर खोटा आहे हे माहीत असून गाडी पुढे विकली की तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता. गाडी चालवणं थांबवा. पेन्सिलची प्रिंट, पोर्टलचे स्क्रीनशॉट, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सॲपचं बोलणं असं सगळं घेऊन लेखी तक्रार द्या. रोख दिलेल्या पैशाला साक्षीदारच पुरावा, म्हणून सौद्याला कोण कोण हजर होतं त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. चिमूरच्या त्या सौद्यात २ लाख ६० हजार रोख गेले होते आणि बँकेत पुरावा फक्त इसाराच्या ५० हजारांचा होता. जिप्सी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात जमा झाली. फ्रेमच्या खऱ्या मालकाचा शोध लागेपर्यंत ती तिथेच राहील, आणि लागला तरी ती या शेतकऱ्याला मिळणार नाही.