सीवीड अर्क द्राक्षावर : खरड छाटणी ते काढणी, आणि ब्लोअरच्या जाळीतली जेली

एप्रिलच्या आसपासच्या खरड छाटणीपासून माल निघेपर्यंत पूर्ण हंगाम सीवीडचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, द्रवरूप अर्क द्राक्षबागेत वापरला. ड्रिपमधून सोडला, फवारलाही. बाग थॉमसन जातीची, डॉगरिज खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या वेगळ्या द्राक्षजातीवर) कलम केलेली, पाणी बोअरचं आणि चांगलंच क्षाराचं. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढची तक्रार बाजारातल्या बऱ्याच कॅनना लागू आहे.

आधी जे पटलं ते. कडेच्या काही ओळी बिगर अर्काच्या ठेवल्या होत्या. मे महिन्याच्या उन्हात ड्रिपरखालची बोदावरची (वेलींच्या ओळीतल्या उंच वाफ्यावरची) माती हाताने उकरली, तर अर्क सोडलेल्या ओळींत पांढऱ्या मुळ्यांचं जाळं वरच्या थरातच दिसायचं. कडेच्या ओळींत मुळ्या होत्या, पण जुन्या, तपकिरी, टोकाला वाढ थांबलेल्या. काडीची वाढही एकसारखी मिळाली. एवढ्यावर मी खूश होतो आणि दोन शेजाऱ्यांना शिफारसही केली.

ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, मत थोडं बदललं. मण्याच्या फुगवणीत कडेच्या ओळी आणि बाकीची बाग यांत मला काहीच फरक दिसला नाही. फुगवण जीए (जिब्रेलिक आम्ल हे संजीवक), पाणी आणि घडांची विरळणी यांवरच आली. या अर्कात नत्र-स्फुरद नावापुरतं असतं. पालाश थोडा असतो, तोही बऱ्याचदा शेवाळ पोटॅशच्या अल्कलीत शिजवून अर्क काढतात त्यातून आलेला. बाकी मॅनिटॉल, बीटेन, अल्जिनेट वगैरे. म्हणजे हे टॉनिक आहे, भाकरी नव्हे. खताचा डोस कमी करा असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

आता खरा राग. मणी धरल्यावर कॅल्शियम नायट्रेटची फवारणी होती. मजुरी आणि डिझेल वाचावं म्हणून त्याच टाकीत अर्क घातला. लेबलवर ‘सर्व खतांसोबत चालते’ असं छापलेलं. अर्ध्या एकरात ब्लोअरचा (ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राचा) दाब पडला. नोझल उघडले, फिल्टर काढला, तर जाळीवर फिकट तपकिरी, बुळबुळीत पापुद्रा. बोटाने ओढला की सलग निघत होता, तुटत नव्हता. टाकीतलं उरलेलं द्रावण ओतून द्यावं लागलं.

प्रतिनिधीला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं : तुमची टाकी घाण असेल, पाण्यात गाळ असेल. मग त्याच्यासमोरच काचेच्या ग्लासात गाळलेलं स्वच्छ पाणी घेतलं, त्यात कॅल्शियम नायट्रेट विरघळवलं आणि वरून अर्क सोडला. थेंब पडताक्षणी दोरे धरले, मिनिटभरात तळाशी जेली. तो गप्प बसला, पण कॅन बदलून मिळाला नाही आणि पैसेही नाहीत.

कारण सरळ आहे. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असतं. लाटांच्या माऱ्यात ते झाड लवचीक राहतं आणि ओहोटीला उघडं पडलं तरी लगेच सुकत नाही, त्यात याचा मोठा वाटा. सोडियम किंवा पोटॅशसोबत अल्जिनेट पाण्यात विरघळतं, कॅल्शियम भेटला की गोठतं. दाताचा साचा घ्यायला जगभर त्याचा हाच गुण वापरतात. कंपनीला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. लेबलवर एक ओळ छापायला काय हरकत होती? जाळ्या शेवटी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून ब्रशने घासल्या, तेव्हा सुटल्या.

दुसरी गोष्ट, जी मला आता पहिलीइतकीच खटकते. कॅनवर शेवाळाची जातच नाही, फक्त ‘समुद्री शेवाळ अर्क’. आपल्याकडे विकला जाणारा बराचसा माल तीन वाटांनी येतो : उत्तर अटलांटिकच्या खडकांवरचं अस्कोफायलम, आपल्याच किनाऱ्यांवरचं सरगॅसम, आणि तमिळनाडूत तराफ्यांवर वाढवलेलं कप्पाफायकस. शेवटचं तर तपकिरी नाहीच, लाल शेवाळ आहे आणि त्यात अल्जिनेट नसून कॅराजीनन असतं. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा (पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या पदार्थांचा) समावेश झाला, त्यात सीवीड अर्कही आहेत. तरी हातातला कॅन नेमका कशाचा हे मला कळत नाही.

आणि ते कळणं गरजेचं आहे. अस्कोफायलम फार सावकाश वाढतं. मोठं झालं की फांदीवर वर्षाला साधारण एक हवेचा फुगा धरतं, त्यावरून वयाचा अंदाज घेतात. बुंधा राखून वरून कापलं तर ते पुन्हा फुटतं, खडकावरून उपटलं तर जागा वर्षानुवर्षं उघडी राहते. मालवणच्या खडकांवर पावसाळ्यानंतर सरगॅसम दाट होतं, त्याच्या आडोशाला मासळीची पिल्लं आणि खेकडे वाढतात. तिथून पोती भरून उपटलेला माल माझ्या बागेत येत असेल, तर मला तो नको.

एकदा गेलेलं परत आणणं किती अवघड, ते ऑस्ट्रेलियातल्या सिडनीवरून कळतं. तिथल्या सुमारे ७० किलोमीटर किनाऱ्यावरून क्रेवीड हे तपकिरी शेवाळ १९८० च्या दशकात नाहीसं झालं. सांडपाणी हे त्याचं मुख्य कारण मानतात. पुढे पाणी सुधारलं, तरी शेवाळ आपणहून आलं नाही. त्याची नवी रोपं बहुधा आईच्या आसपासच रुजतात. शेवटी संशोधकांनी दुसरीकडची नर-मादी झाडं आणून खडकांवर जाळीत बांधली, तेव्हा कुठे नवी पिढी धरली.

पुढच्या हंगामात अर्क वापरणार, पण खरड छाटणीनंतर फक्त ड्रिपमधून, आणि कॅल्शियमच्या दिवशी अजिबात नाही. लिटरभर पाणी विकत घेण्यापेक्षा अर्काचे सुके फ्लेक्स (पापुद्रे) घेऊन घरी विरघळवणार. एकरी खर्च कमी बसतो. दुकानदाराला सांगून ठेवलंय : पाकिटावर जात, कापणीचा देश आणि कॅल्शियमची सूचना मराठीत असेल तरच माल काढा.